टीव्हीवरून ट्रॅकवर: हरणाऱ्या टीमच्या चाहत्यानं पहिली कार्ट रेस कशी करावी

माझी टीम विल्यम्स. १९७७ साली फ्रँक विल्यम्स आणि पॅट्रिक हेड यांनी ती उभी केली आणि १९८० ते १९९७ या काळात तिनं फॉर्म्युला वनचं कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे टीमला मिळणारं, विजेतेपद नऊ वेळा जिंकलं. मी बघायला लागले ते १९९६ साली. त्या वर्षी आमचा डेमन हिल जगज्जेता झाला, पुढच्या वर्षी जॅक व्हिलनव्ह. मला वाटलं, हे असंच चालत राहणार. त्यानंतर आजवर एकही विजेतेपद आलं नाही. शेवटची शर्यत जिंकली ती २०१२ साली स्पेनमध्ये, पास्तोर माल्दोनादोनं, अलोन्सोला मागे ठेवून. २०२०च्या अख्ख्या मोसमात तर एक गुणही मिळाला नाही, आणि त्याच वर्षी विल्यम्स कुटुंबानं टीम विकली.

एवढी वर्षं अशा टीमवर जीव लावला की नजर बदलते. कॅमेरा पहिल्या गाडीवर असतो आणि आपण पडद्याच्या कडेच्या यादीत तेरावं-चौदावं नाव शोधत असतो. बाराव्याशी असलेलं अंतर १.८ वरून १.५ सेकंदांवर आलं की खुर्चीत पुढे सरकून बसतो. २०२१ साली हंगेरीत आमच्या दोन्ही गाड्या गुणांत आल्या. नंतर आमच्या पुढच्या एका गाडीला अपात्र ठरवल्यावर निकाल लागला सातवा आणि आठवा. शर्यतीनंतर मुलाखत देता देता आमचा ड्रायव्हर जॉर्ज रसेल रडला. आठव्या नंबरासाठी. माझेही डोळे भरून आले होते.

सहा वर्षांपूर्वी, एकोणचाळिसाव्या वर्षी, मी स्वतः भाड्याच्या कार्टमध्ये, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या उघड्या रेसिंग गाडीत, बसले आणि हौशी शर्यतींत उतरायला लागले. तिथे हीच नजर उपयोगी पडली. वीस कार्ट सुटतात, जिंकतो एक. उरलेल्या एकोणीस जणांची खरी शर्यत समोरच्या एकाच कार्टशी असते. ज्याला टीम सारखी जिंकताना बघायची सवय आहे, तो पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे जायला बघतो आणि दुसऱ्या वळणावर टायरच्या भिंतीत जाऊन बसतो. तुमची टीम हरत असेल तर तुम्हाला वाट बघत थांबायचं कसं ते आधीच माहीत आहे. ट्रॅकवर पहिले काही महिने तेच लागतं.

ट्रॅकवर जाण्याआधी, कानांनी

गाडीच्या आतून घेतलेलं कुठल्याही एका लॅपचं, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचं, चित्रण लावा आणि डोळे मिटून घ्या. ब्रेक लागतो तसा इंजिनाचा आवाज उतरतो, क्षणभर घुटमळतो आणि मग चढायला लागतो. तो चढताना ऐका. मुरलेल्या ड्रायव्हरचा आवाज एका दमात चढतो, कारण एकदा ॲक्सिलरेटर दाबला की त्याला पाय परत उचलावा लागत नाही. नवख्याचा आवाज वळणाच्या पोटात चढतो, पडतो, पुन्हा चढतो. म्हणजे तो लवकर वळला, बाहेर पडताना रस्ता पुरला नाही आणि पाय उचलावा लागला. माझ्या पहिल्या दहा शर्यतींतली निम्मी वेळ अशीच गेली. हा फरक आधी कानाला ओळखता आला तर ट्रॅकवर आपलीच चूक आपल्याला ऐकू येते. त्या वेगात दुसरं कुणी सांगायला नसतं.

दुसरा अभ्यास असा. पुढची शर्यत बघताना दहाव्या नंबराच्या मागची एक गाडी निवडा आणि फक्त तिच्याकडे बघा. ती समोरच्याला कुठे गाठते, कुठे मागे पडते, किती लॅप नुसती मागे राहते आणि नेमकी कधी आत घुसते, हे टिपून ठेवा. आघाडीच्या गाडीकडून हे शिकता येत नाही, कारण तिच्यासमोर कुणीच नसतं.

एक जुनी शर्यत आवर्जून बघा: १९८१ची स्पॅनिश ग्रां प्री, हारामा. आमचा ॲलन जोन्स पुढे होता, तो घसरून बाहेर गेला आणि जिल व्हिलनव्हची फेरारी पहिली झाली. ती गाडी सरळ रस्त्यावर ताकदवान आणि वळणात बोजड. मागे चार गाड्या, चारही वळणात तिच्यापेक्षा चपळ. तरी एकालाही त्यानं पुढे जाऊ दिलं नाही. पाचही गाड्यांनी रेषा ओलांडली तेव्हा पहिली आणि पाचवी यांच्यात १.२४ सेकंदांचं अंतर होतं. माझी टीम त्यात चौथी आली, पण कार्टिंगबद्दल मला सगळ्यात जास्त त्याच शर्यतीनं शिकवलं. वळणात कितीही हळू असलात तरी चालेल; सरळ रस्त्यावर बाहेर पडताना चुकू नका.

कार्ट वेगळं जनावर आहे

कार्टला धक्के झेलणारं सस्पेन्शन नसतं आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शिअलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर बसवलेली असतात, त्यामुळे ती एकाच वेगानं फिरतात. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोन्ही सारखीच फिरली तर कार्ट सरळच जायला बघणार. यावर तोड अशी की पुढच्या चाकांची ठेवण मुद्दाम तिरकी असते. स्टिअरिंग वळवलं की आतल्या बाजूचं मागचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं आणि कार्ट तीन चाकांवर गर्रकन वळतं. पहिल्यांदा हे जाणवलं ना, की कमरेखाली कुणीतरी पाट सरकवल्यासारखं वाटतं.

म्हणून स्टिअरिंग घाबरत घाबरत, थोडं थोडं वळवू नका. एकदाच, ठामपणे वळवा आणि वळणाचा आतला बिंदू गाठला की लगेच हात सरळ करायला लागा. वळवून तसंच धरून ठेवलं तर पुढची चाकं रस्त्यावर घासत राहतात, मागची दोन एकमेकांशी भांडतात आणि इंजिन दबल्यासारखं कण्हायला लागतं. तो आवाज आला म्हणजे हात अजून वाकडे आहेत असं समजा.

ब्रेकचं तर जास्तच जपायला हवं. भाड्याच्या बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. डाव्या पायानं ब्रेक, उजव्यानं ॲक्सिलरेटर, आणि दोन्ही एकदम कधीच नाही. ब्रेक सरळ रस्त्यावर असतानाच दाबायचा, जोरात आणि थोडाच वेळ, आणि स्टिअरिंग वळवण्याआधी बराचसा सोडून द्यायचा. पुढे जसजशी सफाई येईल तसतसा तो थोडा वळणात नेता येतो, पण ती पुढची गोष्ट.

माझ्या पहिल्या शर्यतीच्या तिसऱ्या लॅपला हेअरपिनवर, म्हणजे उलट दिशेला फिरवणाऱ्या घट्ट वळणावर, मी नेमकं उलटं केलं. समोरचं कार्ट जवळ दिसलं, मोह झाला, उशिरा ब्रेक मारला आणि ब्रेक दाबलेला असतानाच हात वळवले. मागचा भाग सुटला. आधी टायरचा तो बारीक, चिरका आवाज, मग समोरून जाणारं ट्रॅकचं कुंपण, मग ज्या रस्त्यानं आले तोच रस्ता, आणि त्यावरून माझ्याकडे तोंड करून येणारी सहा कार्ट. हेल्मेटच्या आत माझा श्वास मलाच ऐकू येत होता. असं झालं तर काय करायचं ते आधीच पाठ करून ठेवा: ब्रेक घट्ट दाबून कार्ट जागेवर धरा, हात वर करा, सगळे पुढे जाईपर्यंत हलू नका आणि मार्शल, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणारा माणूस, खूण करेल तेव्हाच निघा. काहीही झालं तरी कार्टमधून उतरून ट्रॅकवर पाय ठेवू नका. मागून येणाऱ्याला तुमचं कार्ट कसं टाळायचं ते कळतं. तुम्ही कुठे पळाल ते कळत नाही.

तयारी

पातळ तळव्याचे बंद बूट घाला, म्हणजे पॅडल पायाला कळतात. हातमोजे हवेतच, नाहीतर वीस लॅपमध्ये तळव्याला फोड येतात. केस हेल्मेटच्या आत, गळ्यात काही लोंबणारं नको, सैल कपडे नकोत. मागचा दांडा आणि साखळी उघड्या असू शकतात. बरगड्यांना सीटची कड लागते, त्यासाठी बरगड्यांचं संरक्षक पट्ट्यासारखं कवच मिळतं, ते पहिल्याच शर्यतीपासून वापरा. मी दोन महिने टाळलं आणि रात्री कुशीवर वळताना किंचाळले. उंची कमी असेल तर सीटमध्ये घालायची जाड गादी मागून घ्या. पाय ताणून ब्रेक मारावा लागत असेल तर तो वेळेवर लागणार नाही.

झेंडे सगळ्यांना टीव्हीवरून माहीत असतात, पण ट्रॅकवर आपण ते बघायलाच विसरतो. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, कुणालाही ओलांडू नका. लाल म्हणजे शर्यत थांबली. निळा म्हणजे तुम्हाला एक लॅपनं मागे टाकणारा मागे आला आहे. सुरुवातीला निळा आपल्याला वारंवार दिसतो. तो दिसला की आपली रेषा सोडून वेडंवाकडं बाजूला होऊ नका. सरळ रस्ता येऊ द्या, एका बाजूला नीट राहा, हातानं खूण करा आणि त्याला जाऊ द्या. आणि मग त्याच्या मागे जितका वेळ राहता येईल तितका वेळ राहा. फुकटची शिकवणी असते ती. त्याचा ब्रेक कुठे लागतो आणि डोकं कुठे वळतं, एवढंच बघा.

रेषा आणि खुणा

बाहेरून आत आणि आतून बाहेर, ही रेषा प्रत्येक चाहत्याला तोंडपाठ असते. प्रश्न असतो कुठे वळायचं याचा, आणि नवखा माणूस हमखास लवकर वळतो. भीतीपोटी तसं होतं. वळण दिसलं की हात आपोआप वळतात. वळणापुढे लांब सरळ रस्ता असेल तर आतला बिंदू मनाला वाटतो त्याहून पुढे ठेवा. शिरताना हळू वाटेल, जवळजवळ मूर्खपणा वाटेल, पण बाहेर पडताना पाय पूर्ण दाबलेला असेल आणि तो वेग सरळ रस्त्याच्या शेवटापर्यंत सोबत राहील. दोन वळणं लागोपाठ असतील तर पहिल्याचा मोह सोडा आणि दुसऱ्यातून नीट बाहेर पडा.

प्रत्येक वळणासाठी तीन खुणा ठरवा: ब्रेकची, वळण्याची आणि बाहेर पडण्याची. खूण न हलणारी हवी. डांबराचा जोड, कर्बचा, म्हणजे ट्रॅकच्या रंगवलेल्या कडेचा, रंग उडालेला तुकडा, टायरच्या भिंतीवरचा पट्टा. मी एकदा खांबाची सावली धरली होती. सकाळच्या सरावात वेळ छान आली, दुपारी शर्यतीत प्रत्येक लॅपला ब्रेक चुकला, आणि कारण कळायला घरी यावं लागलं. सावली सरकली होती.

नजर मात्र खुणेवर खिळवू नका. ब्रेक लागला की डोळे आतल्या बिंदूकडे, तिथे पोचण्याआधीच बाहेरच्या कडेकडे. हात डोळ्यांच्या मागे जातात. समोरच्या कार्टच्या बंपरकडे बघत राहिलात तर त्याच्या चुका तुम्हीही कराल.

सुरुवात, आणि जागेसाठीची लढत

पहिल्या वळणाला सगळे एकाच ठिकाणी पोचतात, त्यामुळे तिथे एक जागा सोडून देणं परवडतं. टायर आणि ब्रेक अजून थंड असतात, पकड कमी असते. समोरच्यापासून थोडं अंतर ठेवून ब्रेक नेहमीपेक्षा आधी मारा आणि डोळे उघडे ठेवा. बरेचदा दोघं एकमेकांत अडकतात आणि वाट मोकळी होते. मला पहिल्या मोसमात मिळालेल्या जागांपैकी बहुतेक मी ओलांडून मिळवल्याच नाहीत, त्या दुसऱ्यांच्या पहिल्या वळणातल्या घाईतून मिळाल्या.

ओलांडायचं तर ब्रेकच्या ठिकाणी, आतल्या बाजूनं. नियम साधा आहे: समोरचा वळायला लागण्याआधी तुमची पुढची चाकं निदान त्याच्या सीटपर्यंत पोचलेली हवीत, म्हणजे तुम्ही तिथे आहात हे त्याला दिसतं. त्याहून मागे असाल तर सोडून द्या. कार्टची चाकं उघडी असतात. चाकावर चाक चढलं तर कार्ट हवेत उडू शकतं.

मला आवडणारी युक्ती दुसरी आहे. समोरचा आतली बाजू राखतोय असं दिसलं तर त्याला राखू द्या. आतून शिरणाऱ्याला वळण अरुंद मिळतं, त्याला हळू व्हावं लागतं आणि बाहेर पडताना तो रुंद जातो. तुम्ही बाहेरूनच राहा, थोडे आधी हळू व्हा, उशिरा वळा आणि त्याच्या मागून आतल्या बाजूला निघा. तो अजून स्टिअरिंगशी झगडत असतो तेव्हा तुमचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो. एका शर्यतीत अकराव्या जागेसाठी मी सहा लॅप एकाच कार्टच्या मागे होते. पाच लॅप त्यानं आतली बाजू घेतली आणि पाच लॅप मी नुसतं बघितलं की तो नेमका कुठे रुंद जातो. सहाव्याला वळले. त्यानं माझ्याकडे मान वळवून बघितलं, शर्यत संपल्यावर येऊन हात मिळवला. अकरावा नंबर होता, आणि माझे हात घरी जाईपर्यंत थरथरत होते.

बचावासाठी १९९२ची मोनॅको ग्रां प्री बघा. आमचा नायजेल मॅन्सेल त्या मोसमातल्या पहिल्या पाचही शर्यती जिंकून आला होता. इथेही पुढे होता, पण शेवटच्या काही लॅप उरल्या असताना चाकाच्या संशयावरून पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, गेला आणि मॅक्लारेनच्या आयर्टन सेनाच्या मागे बाहेर आला. नवे टायर, वेगवान गाडी, तरी शेवटपर्यंत पुढे जाता आलं नाही. पाव सेकंदापेक्षाही कमी फरकानं हरला. विल्यम्सची चाहती म्हणून ती शर्यत बघताना आजही पोटात तुटतं, पण बचाव असा करायचा असतो: एकदा बाजू निवडायची, तिच्यावर ठाम राहायचं, नागमोडी चालवायचं नाही. हौशी शर्यतीत नागमोडी चालवणाऱ्याला मार्शल ताकीद देतात, आणि ते योग्यच आहे.

पाऊस

पावसात शर्यत रद्द झाली नाही तर घरी जाऊ नका. कोरड्या दिवशी सगळे जिथून जातात तिथे टायरचं रबर बसलेलं असतं. भिजलं की ते साबणासारखं होतं. म्हणून पावसात रेषा बदलते. नेहमीच्या मार्गाच्या बाहेरून, खरखरीत डांबर शोधत जा, रंगवलेल्या कर्बवर चाक घालू नका, हात आणि पाय दोन्ही मवाळ ठेवा. वेगवान लोक सवयीनं जुन्याच रेषेवर घसरत असतात, त्यामुळे पावसात मागचा माणूस पुढच्याला गाठू शकतो. २०२१ साली स्पामध्ये भर पावसात रसेलनं विल्यम्स पात्रता फेरीत दुसऱ्या नंबरावर आणली होती, व्हर्स्टापेनच्या मागे लगेच. दुसऱ्या दिवशी सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांचा वेग रोखून धरणाऱ्या गाडीच्या, मागेच काय ते फिरणं झालं आणि गुण निम्मे मिळाले, पण ती एक लॅप मी किती वेळा बघितली असेल, मोजलेलं नाही.

कागद

शर्यत संपल्यावर प्रत्येक लॅपची वेळ छापलेला कागद मिळतो. सगळे त्यात आपली सर्वांत वेगवान लॅप शोधतात. तुम्ही सरासरी काढा. माझ्या पहिल्या शर्यतीत सर्वोत्तम लॅप ४१.२ सेकंदांची होती आणि सरासरी ४२.६. फरक १.४ सेकंद, वीस लॅपमध्ये २८ सेकंद. अर्ध्याहून जास्त लॅप मी मागे पडले होते, ते वेग नव्हता म्हणून नाही, तर तो दर लॅपला जमत नव्हता म्हणून. पुढचे सहा महिने सर्वोत्तम वेळेकडे बघितलंच नाही. सरासरीतला फरक अर्ध्या सेकंदावर आणला आणि सतराव्यावरून दहाव्यापर्यंत आले. कार्ट तेच, वळणंही तीच.

हेल्मेट काढल्यावर, कुणाशीही बोलायच्या आधी, वहीत लिहून काढा. तासाभरात आठवणीत गोष्टी सरळ, छान होऊन बसतात. वळणाचा नंबर, काय केलं, काय ऐकू आलं, पुढच्या वेळी कुठली खूण धरायची. माझ्या वहीतलं शेवटचं पान असं आहे: ‘चौथं वळण, अजूनही लवकर वळतेय. बाहेर पडताना दोनदा पाय उचलला, आवाज पडला. टायरच्या भिंतीवरचा पहिला पांढरा पट्टा नको, दुसरा दिसेपर्यंत थांबायचं.’